दूरचा स्फोट, घरचे राजकारण

अणुभट्टी फुटते एका देशात आणि सरकारे हादरतात भलत्याच देशांत. चेर्नोबिलने जर्मनीचे राजकारण बदलले, पण शेजारच्या फ्रान्सचे नाही. फुकुशिमाने बर्लिनमधला निर्णय फिरवला, खुद्द जपानी मतदाराने मात्र अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षालाच पुन्हा सत्ता दिली. असे का होते, आणि जैतापूर-कुडनकुलमच्या संदर्भात त्यातून काय शिकायचे, याचा हा धांडोळा.

मुंबईपासून चेर्नोबिल पाच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तिथे झालेल्या स्फोटाचे पडसाद मुंबईकराच्या न्याहारीच्या ताटापर्यंत पोहोचले होते, हे आज फारसे कुणाला आठवत नसेल. युरोपीय आर्थिक समुदायाने दुग्धविकासासाठी मदत म्हणून पाठवलेले आयर्लंडचे सुमारे दोनशे टन लोणी तेव्हा मुंबईत वितरणासाठी आले होते. चेर्नोबिलचा ढग युरोपभर फिरला, तेथील कुरणांवर पाऊस पडला, ते गवत गाईंनी खाल्ले. मग त्या दुधाच्या लोण्यात किरणोत्सर्ग कशावरून नसेल, असा प्रश्न काही जागरूक नागरिकांनी विचारला आणि थेट उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी खाण्यास सुरक्षित आहे, असा निर्वाळा समितीने दिला आणि १९८८ मध्ये या वादावर पडदा पडला.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. परंतु त्यातला मूळ प्रश्न संपला नाही. लोण्यात नेमके काय आहे, हे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, जिभेला कळत नाही, नाकाला जाणवत नाही, त्या सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर? दूरच्या अणुदुर्घटना जवळचे राजकारण का बदलतात, याचे उत्तर शोधायचे तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

भीतीचे गणित वेगळे

रस्ते अपघातात माणसे रोज मरतात, कोळशाच्या खाणीत मरतात, धरण फुटून मरतात. त्या प्रत्येक दुर्घटनेनंतर जगभरातील रस्ते, खाणी वा धरणे बंद करण्याची मागणी होत नाही. अणुऊर्जेच्या बाबतीत मात्र ती होते. याला निव्वळ अडाणीपणा म्हणून हिणवण्याची तज्ज्ञमंडळींना सवय आहे. पॉल स्लोव्हिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलेल्या गाजलेल्या लेखात वेगळा विचार मांडला. तज्ज्ञ धोका मोजतात तो प्रामुख्याने मृत्यूंच्या आकड्यात. सामान्य माणूस त्यात आणखीही काही पाहतो. धोका आपण स्वेच्छेने पत्करला आहे की आपल्यावर लादला गेला आहे, तो आपल्या ताब्यात आहे का, त्याचे परिणाम पुढच्या पिढीवर होतील का, आणि ज्यांना तो कळतो असे म्हणतात त्यांना तरी तो पुरता कळला आहे का? या कसोट्यांवर अणुऊर्जा सर्वाधिक भयप्रद ठरते. म्हणूनच एखादा अणु-अपघात ही लोकांच्या लेखी केवळ दुर्घटना राहत नाही. 'हे तंत्रज्ञान यांच्या हाताबाहेर आहे' असा तो इशारा ठरतो.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचा अपघात हे याचे ठळक उदाहरण. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील या प्रकल्पात शीतकरण बिघडून अणुभट्टीचा गाभा अंशत: वितळला. अपघातात कोणाचाही तात्काळ मृत्यू झाला नाही. मात्र प्रकल्पचालक, राज्य सरकार आणि केंद्रीय यंत्रणा यांची निवेदने एकमेकांशी जुळेनात. दोन दिवसांनी राज्यपालांनी पाच मैलांच्या परिसरातील गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला, तेव्हा लाखाहून अधिक माणसे घरे सोडून निघाली. योगायोग असा, की अणुवीज केंद्रातील अपघातावर बेतलेला 'द चायना सिंड्रोम' हा चित्रपट त्याच्या केवळ बारा दिवस आधी प्रदर्शित झाला होता.

या अपघाताने अमेरिकेतील अणुऊर्जा संपवली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. वाढता खर्च, चढे व्याजदर आणि विजेच्या मागणीचा मंदावलेला वेग यांमुळे अणुभट्ट्यांच्या मागण्या रद्द होण्यास १९७९ च्या आधीच सुरुवात झाली होती. अपघाताने त्या घसरणीला कारण दिले, चेहरा दिला. अटलांटिकपलीकडे स्वीडनमध्ये तर त्याचा परिणाम अधिक थेट झाला. मार्च १९८० मध्ये तिथे सार्वमत घेण्यात आले आणि पाठोपाठ २०१० पर्यंत सर्व अणुभट्ट्या बंद करण्याचा निर्णय संसदेने घेतला. स्वीडनमध्ये अपघात झालेला नव्हता; परंतु अणुऊर्जेवरून तेथील पक्षांमध्ये काही वर्षे आधीपासूनच जुंपली होती, आणि अपघाताची बातमी त्या भांडणात येऊन पडली.

बालवाडीतली वाळू आणि दोन आकडे

चेर्नोबिलची बातमी जगाला प्रथम सोव्हिएत सरकारने दिली नाही. २८ एप्रिल १९८६ च्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांवर किरणोत्सर्ग आढळला. गळती आपल्याच केंद्रात झाली असावी, असे तिथल्यांना आधी वाटले. तसे नाही हे लक्षात आल्यावर वाऱ्याची दिशा तपासली गेली आणि संशयाची सुई पूर्वेकडे वळली. त्याच रात्री मॉस्कोहून अवघ्या काही ओळींचे निवेदन प्रसृत झाले. प्रिप्यात हे प्रकल्पालगतचे जवळपास पन्नास हजार वस्तीचे शहर आदल्या दिवशीच रिकामे करण्यात आले होते. तरीही १ मे रोजी कीव्हमध्ये कामगार दिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे पार पडले. मिखाईल गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले ते १४ मे रोजी, म्हणजे स्फोटानंतर अठरा दिवसांनी.

तत्कालीन पश्चिम जर्मनीच्या अंतर्गतमंत्र्यांनी सुरुवातीलाच जनतेला दिलासा दिला. अपघात दोन हजार किलोमीटरवर झाला आहे, आपल्याला धोका नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्यानंतर एक-दोन दिवसांत वारा फिरला, दक्षिण जर्मनीत पाऊस कोसळला आणि त्याबरोबर किरणोत्सारी आयोडिन व सीझियमही जमिनीवर उतरले. मग मंडईतील पालेभाजीचे काय करायचे, मुलांना बालवाडीतील वाळूत खेळू द्यायचे की नाही, दूध ताजे प्यायचे की आधी साठवलेली भुकटी वापरायची, असे प्रश्न घरोघरी निर्माण झाले. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने दुधातील किरणोत्सारी आयोडिनची मर्यादा लिटरला ५०० बेक्वेरेल ठरवली. हेसे राज्याने तीच मर्यादा अवघी २० ठेवली. या राज्याचे पर्यावरण खाते तेव्हा ग्रीन पक्षाचे योश्का फिशर यांच्याकडे होते.

एका राज्यात पिण्यायोग्य दूध शेजारच्या राज्यात अयोग्य ठरते, तेव्हा कोणता आकडा बरोबर, हे सामान्य आईने कसे ठरवावे? ५०० हा आकडा शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय असेल, २० हा अतिसावध असेल. पण दोन आकडे एकाच वेळी जाहीर झाल्याने दोन्ही आकडे सांगणाऱ्यांवरचा विश्वास उडाला. जर्मनीतील चेर्नोबिल घडले ते या गोंधळात. सरकारलाही हे उमगले असावे. जून १९८६ मध्ये घाईघाईने स्वतंत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालय स्थापन करण्यात आले. ऑगस्टमध्ये, एकेकाळी अणुऊर्जेच्या बाजूने उभ्या असलेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने दहा वर्षांत अणुऊर्जेतून बाहेर पडण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत ग्रीन पक्षाची मते ५.६ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेली.

मात्र हे सारे एका ढगामुळे घडले, असे मानणे चुकीचे ठरेल. १९७५ साली ऱ्हाइनकाठच्या व्हील या खेड्यात द्राक्षबागायतदार आणि विद्यार्थी यांनी मिळून नियोजित अणुप्रकल्पाची जागा ताब्यात घेतली होती आणि तो प्रकल्प अखेर झालाच नाही. १९८१ मध्ये ब्रोकडॉर्फ येथील प्रकल्पाविरुद्ध लाखाच्या आसपास लोक जमले होते. ग्रीन पक्ष १९८३ मध्येच संसदेत पोहोचला होता. आंदोलन होते, पक्ष होता, युक्तिवाद तयार होते. त्यांच्याकडे नव्हता तो पुरावा. चेर्नोबिलने तो पुरवला.

एकच ढग, निरनिराळे देश

आता ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये जाऊ. तोच ढग फ्रान्सच्या पूर्व भागावरूनही गेला. तेथील अधिकृत यंत्रणेने आरोग्याला धोका नसल्याचे सांगितले आणि जर्मनीसारखे निर्बंध लादले नाहीत. ३० एप्रिलच्या हवामान वार्तापत्रात तर दूरचित्रवाणीच्या नकाशावर फ्रान्सच्या सीमेवर चक्क 'थांबा' अशी खूण दाखवण्यात आली. 'ढग आमच्या सीमेवर थांबला' हे वाक्य कोणी अधिकाऱ्याने शब्दश: उच्चारले नव्हते, पण सरकारी लपवाछपवीचे प्रतीक म्हणून ते फ्रेंच भाषेत कायमचे रुजले. त्याच वर्षी किरणोत्सर्गाचे स्वतंत्र मोजमाप करणारी नागरिकांची प्रयोगशाळाही तिथे उभी राहिली.

म्हणजे अविश्वास फ्रान्समध्येही निर्माण झाला. तरीही एकही अणुभट्टी बंद झाली नाही. याचे कारण तेथील राजकारणाच्या घडणीत आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने अणुवीज हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हाती घेतला होता. चेर्नोबिलच्या वेळी देशातील दोन-तृतीयांशाच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येत होती. उजव्या पक्षांपासून कम्युनिस्टांपर्यंत आणि त्यांच्या कामगार संघटनांपर्यंत सर्वांचाच त्याला पाठिंबा होता. नाराज मतदाराला जाण्यासाठी दुसरे दारच उघडे नव्हते. जर्मनीत राज्यांना अधिकार होते, प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे छोटा पक्ष संसदेत जाऊ शकत होता आणि घरात कोळसाही होता.

इटलीत सार्वमताची सोय होती. नोव्हेंबर १९८७ मध्ये तिथे मतदारांनी प्रचंड बहुमताने अणुऊर्जेच्या विरोधात कौल दिला आणि १९९० पर्यंत देशातील शेवटची अणुभट्टी थंडावली. गंमत अशी, की त्यानंतर इटलीने बाहेरून जी वीज घेतली तीत फ्रान्सच्या अणुभट्ट्यांतील विजेचाही वाटा होता. सीमेपलीकडचा धोका मात्र तसाच राहिला.

ऑस्ट्रियाची कथा याहून बोलकी. तिथे त्स्वेन्टेनडॉर्फ येथील अणुवीज केंद्र बांधून पूर्ण झाले होते. नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.५ टक्के मतदारांनी ते सुरू करण्यास नकार दिला. तेव्हा ना थ्री माइल आयलंड घडले होते, ना चेर्नोबिल. आठ वर्षांनंतरच्या चेर्नोबिलने ऑस्ट्रियाचा निर्णय घडवला नाही; निसटत्या बहुमताचा तो निर्णय पक्का करून टाकला.

सर्वांत मोठा राजकीय परिणाम अर्थात स्फोट झाला त्याच देशात दिसला. सरकारने आपल्यापासून काय दडवले, हा प्रश्न युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात राष्ट्रीय अस्मितेशी जोडला गेला. १९८८ मध्ये लिथुआनियात चेर्नोबिलच्याच धर्तीच्या इग्नालिना अणुप्रकल्पाविरुद्ध हजारोंनी मानवी साखळी केली; त्यातली मागणी अणुभट्टीपुरती राहिली नव्हती. चेर्नोबिल हेच सोव्हिएत संघाच्या विघटनाचे खरे कारण असावे, असे खुद्द गोर्बाचेव्ह यांनी वीस वर्षांनी लिहिले.

फुकुशिमा आणि निवडणुकीचे वेळापत्रक

जर्मनीत १९९८ मध्ये सोशल डेमोक्रॅट व ग्रीन यांचे आघाडी सरकार आले आणि २००२ मध्ये अणुऊर्जा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला. अँगेला मर्केल यांच्या सरकारने २०१० च्या शरद ऋतूत त्या अणुभट्ट्यांचे आयुष्य सरासरी बारा वर्षांनी वाढवून दिले. या निर्णयाविरुद्ध असंतोष होताच. श्टुटगार्टपासून नेकरवेस्टहाइम अणुप्रकल्पापर्यंत पंचेचाळीस किलोमीटरची मानवी साखळी करण्याचे आधीच ठरले होते. तारीख होती १२ मार्च २०११.

आदल्याच दिवशी जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपले. फुकुशिमा दाइइची प्रकल्पाचा वीजपुरवठा तुटला, शीतकरण थांबले. जर्मनीत साखळीसाठी माणसे रस्त्यावर उतरली त्याच दिवशी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचा स्फोट जगभरच्या पडद्यांवर दिसला. साठ हजारांच्या आसपास लोक त्या साखळीत होते. दोन आठवड्यांनी, २७ मार्चला, बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मतदान व्हायचे होते. मर्केल यांनी १४ मार्च रोजी आपल्याच निर्णयाला तीन महिन्यांची स्थगिती दिली आणि जुन्या अणुभट्ट्या थांबवल्या. त्याचा उपयोग झाला नाही. १९५३ पासून ज्या राज्यात त्यांचा पक्ष सत्तेवर होता, तिथे ग्रीन पक्षाला २४ टक्के मते मिळाली आणि त्या पक्षाचा पहिला मुख्यमंत्री झाला. ३० जून रोजी जर्मन संसदेने २०२२ अखेर सर्व अणुभट्ट्या बंद करण्याचा निर्णय मोठ्या बहुमताने संमत केला.

मर्केल स्वत: भौतिकशास्त्रज्ञ. जर्मनीत त्सुनामी येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. जपानसारख्या तंत्रसंपन्न देशातही धोक्याचा अंदाज चुकू शकतो, हे फुकुशिमाने दाखवून दिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. चेर्नोबिलच्या वेळी 'ते सोव्हिएत तंत्रज्ञान, ती सोव्हिएत बेपर्वाई' असे म्हणून हात झटकता आले होते. फुकुशिमानंतर ती सोय उरली नाही. जून २०११ मध्ये इटलीतही अणुऊर्जेचे पुनरुज्जीवन रोखणारे दुसरे सार्वमत झाले. त्यात ९४ टक्के मते पुनरुज्जीवनाच्या विरोधात पडली.

आणि जपान? दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने जुलै २०१२ मध्ये ही आपत्ती 'मानवनिर्मित' असल्याचा ठपका ठेवला. अणुऊर्जेवर देखरेख करणारी यंत्रणा अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्याच मंत्रालयाच्या छत्राखाली होती, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. देशातील सर्व अणुभट्ट्या थंडावल्या, टोकियोत मोठे मोर्चे निघाले. असे असूनही डिसेंबर २०१२ च्या निवडणुकीत मतदारांनी अणुऊर्जेला अनुकूल असलेल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला भरघोस बहुमत दिले. आधीच्या सरकारवरील रोष आणि अर्थव्यवस्थेची चिंता यांनी अणुप्रश्नाला मागे सारले. अणुऊर्जा नको म्हणणे वेगळे आणि त्या एकाच मुद्द्यावर मत देणे वेगळे, हा धडा जपानने दिला.

मिठगवाणे ते इडिंतकरै

आपल्याकडे फुकुशिमाची बातमी आली तेव्हा राजापूर तालुक्यात जैतापूर प्रकल्पाविरुद्धचा लढा ऐन भरात होता. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल आणि वरीलवाडा या गावांतील ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली होती. बहुसंख्य जमीनमालकांनी नुकसानभरपाईचे धनादेश घेण्यास नकार दिला होता. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी दिल्लीत आले असताना फ्रेंच अणुभट्ट्यांसाठी प्राथमिक करार झाले. प्रकल्प ९,९०० मेगावॅटचा, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या अणुप्रकल्पांत गणला जाईल असा. हापूसच्या कलमांचे काय होणार, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने साखरी-नाट्याची मासेमारी बुडणार का, हे प्रश्न तोवर गावोगावच्या सभांत विचारले जात होते. फुकुशिमाने त्या प्रश्नांना राष्ट्रीय पानावर नेले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यानंतर आठवडाभरात, चेर्नोबिलला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, प्रकल्प पुढे नेण्याचा निर्धार दिल्लीतून जाहीर झाला.

दक्षिणेत कुडनकुलम येथील रशियन अणुभट्ट्यांचा करार १९८८ चा, म्हणजे चेर्नोबिलनंतर अवघ्या अडीच वर्षांनी राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी केलेला. ज्या दुर्घटनेने युरोपची झोप उडवली, ती या कराराच्या आड आली नाही. २०११ मध्ये पहिली अणुभट्टी सुरू होण्याच्या बेतात असताना मात्र इडिंतकरै गावात उपोषणे सुरू झाली. या किनाऱ्याने २००४ ची त्सुनामी अनुभवली होती. समुद्र आत शिरल्यावर काय होते हे कोणत्याही पडद्यावर पाहण्याची तेथील कोळ्यांना गरज नव्हती. त्यांच्यासाठी फुकुशिमा दूर नव्हतेच.

तेथील पुढचे राजकारण मासलेवाईक आहे. मुख्यमंत्री जयललिता यांच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०११ मध्ये लोकांची भीती दूर होईपर्यंत काम थांबवावे, असा ठराव केला. दरम्यान तामिळनाडूत भारनियमनाने उग्र रूप धारण केले. १८ मार्च २०१२ रोजी त्याच जिल्ह्यातील शंकरनकोविलची पोटनिवडणूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, राज्य सरकारने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. पश्चिम बंगालमध्ये ममता बॅनर्जी यांच्या नव्या सरकारने मात्र ऑगस्ट २०११ मध्ये हरिपूरचा प्रकल्प साफ नाकारला. बर्लिनमध्ये निवडणुकीआधी अणुभट्ट्या थांबल्या, चेन्नईत निवडणूक उरकताच चालू झाल्या. दुर्घटना एकच, पंचांग ज्याचे त्याचे.

भारतीय अणुराजकारणावर सर्वांत खोल ठसा उमटवणारी दुर्घटना मात्र अणुभट्टीतली नव्हेच, ती भोपाळची. वायुगळतीच्या खटल्याचा निकाल जून २०१० मध्ये लागला आणि दोषींना झालेल्या जेमतेम दोन वर्षांच्या शिक्षेने देश संतापला. त्याच सुमारास अणुदुर्घटना नुकसानभरपाईचे विधेयक संसदेपुढे होते. त्या संतापामुळेच सदोष सामग्री देणाऱ्या पुरवठादारालाही जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आली, आणि परदेशी कंपन्यांशी करार पुढे न सरकण्याचे ते एक मोठे कारण ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा संमत करून ती तरतूद काढून टाकली आणि खासगी उद्योगांना अणुऊर्जेची दारे उघडली. भोपाळची आठवण पंधरा वर्षे कायद्यात होती; आता ती तिथून बाहेर पडली आहे.

आठवण ओसरते तेव्हा

दूरच्या दुर्घटनेचा प्रभाव कायम टिकत नाही, हेही इतिहास सांगतो. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियाने आपला अणुप्रकल्प बंद केला. काही हिवाळे अंधारात आणि थंडीत काढल्यावर १९९५ मध्ये तोच पुन्हा सुरू केला. अणुभट्ट्या ज्या वर्षापर्यंत बंद व्हायच्या होत्या, त्याच २०१० मध्ये स्वीडनच्या संसदेने नव्या अणुभट्ट्यांना वाट मोकळी करून दिली. युक्रेन युद्धामुळे गॅसचा तुटवडा भासताच जर्मनीनेही शेवटच्या तीन अणुभट्ट्या काही महिने अधिक चालवल्या आणि १५ एप्रिल २०२३ रोजी त्या बंद केल्या. जर्मनीने कोळशाच्या आधी अणुऊर्जा सोडली, याची किंमत हवेतील कार्बनच्या रूपाने मोजावी लागली, ही टीका आज तिथेही होते. फुकुशिमा परिसरात किरणोत्सर्गापेक्षा स्थलांतराची दगदग, उपचारांतील खंड आणि तुटलेले संसार यांनी अधिक वृद्धांचे बळी घेतले, हेही आता पुढे आले आहे. भीतीलाही किंमत असते.

म्हणून भीतीची टवाळी करायची, की तिच्यापुढे मान तुकवायची? दोन्ही मार्ग या चाळीस-पन्नास वर्षांत आजमावून झाले आहेत. इतके मात्र दिसते, की ज्या देशात दुर्घटनेपूर्वी यंत्रणेवर विश्वास नव्हता, तिथे दुर्घटनेनंतर सांगितलेला खरा आकडाही कोणी मानला नाही. विश्वास हा आणीबाणीत उभारता येत नाही. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ ज्यांच्यावर देखरेख ठेवायची, त्याच व्यवस्थेला उत्तरदायी आहे, हा आक्षेप महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात नोंदवला होता. फुकुशिमानंतर स्वतंत्र नियामकासाठी मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच बारगळले. आता नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. तो कागदावर राहतो की मंडळ सरकारलाही 'नाही' म्हणू शकते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

मुंबईकराने या संदर्भात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तारापूरची वीज १९६९ पासून या महानगराच्या उपयोगी पडत आली आहे, आणि तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमातील अणुभट्ट्यांप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या, मूळ अमेरिकी बनावटीच्या आहेत. तरीही मार्च २०११ मध्ये मुंबईत फारसे काही ढवळले गेले नाही. ढवळून निघाले ते राजापूर तालुक्यातले नाटे. जपानचे अंतर दोघांनाही सारखेच होते. फरक होता तो इतकाच, की एकाच्या घरात वीज येणार होती आणि दुसऱ्याच्या दारात अणुभट्टी. लोण्यातील किरणोत्सर्गाची शंका येताच न्यायालय गाठणाऱ्या या शहराने, तोच प्रश्न विचारणाऱ्या मिठगवाण्याच्या शेतकऱ्याला विकासविरोधी ठरवण्यापूर्वी आपले ते दोनशे टन लोणी आठवून पाहावे.